पोस्टकार्डावरचे शहर : ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पहिल्या अल्बमची फेरतपासणी

ऑगस्ट १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीकडे दहा गाण्यांचा एक अल्बम तयार होऊन आला. पाच गाण्यांत बँड होता, पाचांत गायक जवळजवळ एकटा. कंपनीचे अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांनी तो ऐकला आणि परत पाठवला. रेडिओवर लावता येईल असे एकही गाणे त्यात नाही, अशी त्यांची तक्रार होती. बावीस वर्षांच्या गायकाने दोन नवी गाणी लिहिली. ती घेण्यासाठी एकट्याने गायलेली तीन गाणी वगळली गेली. उरलेल्या नऊ गाण्यांची तबकडी ५ जानेवारी १९७३ रोजी बाजारात आली. तिचे नाव 'ग्रीटिंग्ज फ्रॉम अ‍ॅस्बरी पार्क, एन. जे.' आणि गायकाचे नाव ब्रूस स्प्रिंगस्टीन.

आपल्याकडे स्प्रिंगस्टीन माहीत झाला तो 'बॉर्न इन द यू. एस. ए.'मुळे, म्हणजे १९८४ नंतर. ३० सप्टेंबर १९८८ रोजी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जागतिक दौऱ्यात तो दिल्लीत गायला, तेव्हा मैदाने भरवणारा, दंड फुगवलेला, कामगारांच्या व्यथा गाणारा गायक हीच त्याची प्रतिमा होती. या प्रतिमेचा त्रास असा, की त्याचा पहिला अल्बम आपण शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकतो. १९७५ च्या 'बॉर्न टू रन'ची बीजे त्यात शोधतो, ती सापडली की खूश होतो आणि उरलेले 'अजून कच्चा होता' म्हणून सोडून देतो. समीक्षकांनीही बहुधा हेच केले आहे. मला हा अल्बम १९७२ सालच्या बाजूने तपासायचा आहे. हा माणूस तेव्हा कोण होता, त्याला कोण समजले गेले आणि या दोहोंच्या ओढाताणीतून नऊ गाण्यांचा हा आकार कसा निघाला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आधी तो कोण होता ते पाहू. न्यू जर्सीच्या किनारपट्टीवरच्या लोकांना १९७० च्या आसपास विचारले असते तर उत्तर एकच आले असते : झपाटल्यासारखी गिटार वाजवणारा पोरगा. 'स्टील मिल' नावाच्या त्याच्या बँडला त्या भागात मोठा चाहतावर्ग होता. संगीत दणदणीत, लांबच लांब आणि जड. अ‍ॅस्बरी पार्कमध्ये कुकमन अ‍ॅव्हेन्यूवर 'अपस्टेज' नावाचा क्लब होता. तिथे दारू मिळत नसे, त्यामुळे तो पहाटेपर्यंत उघडा ठेवता येई, आणि इतर क्लबांतले काम संपवून वादक तिथे एकमेकांना आजमावायला येत. ड्रमवादक व्हिनी लोपेझ, बासवादक गॅरी टॅलेंट, पियानोवादक डेव्हिड सँशस, गिटारवादक स्टीव्ह व्हॅन झँट ही सगळी मंडळी याच वर्तुळातली. १९७१ मध्ये स्टील मिल मोडला. नंतर त्याने आणखी मोठे बँड उभे करून पाहिले, तेही टिकले नाहीत.

मग पैशाची आणि कामाची चणचण असताना त्याने वेगळ्या तऱ्हेची गाणी लिहायला घेतली. तो राहत होता त्या इमारतीत खाली एक बंद पडलेले ब्यूटी पार्लर होते. केस वाळवण्याची यंत्रे तशीच पडलेली, मागच्या खोलीत एक पियानो. तिथे बसून आणि हाताशी यमकांचा कोश ठेवून त्याने ही गाणी रचली, असे त्यानेच सांगितले आहे. म्हणजे एकट्या कवी-गायकाचा हा अवतार तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. त्यामागे बँड चालवण्याची सात-आठ वर्षे होती. पण न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी त्याला पहिल्यांदा ऐकले, त्यांच्यापुढे फक्त तो अवतार आला.

ऐकवणारा होता माइक अ‍ॅपेल. हा न्यूयॉर्कमधला गीतलेखक. भागीदार जिम क्रेटेकोसबरोबर त्याने स्प्रिंगस्टीनशी करार केला होता. अ‍ॅपेलची श्रद्धा अफाट आणि तोंड फटकळ. २ मे १९७२ रोजी तो आपल्या गायकाला घेऊन कोलंबियाच्या जॉन हॅमंड यांच्यासमोर बसला. बिली हॉलिडे, काउंट बेसी, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन ही ज्यांनी हेरलेली माणसे, त्या हॅमंडना अ‍ॅपेलने सुनावले, की डिलनला तुम्ही शोधले म्हणतात, तो नुसता योगायोग होता की तुम्हाला खरेच कान आहेत ते आज बघू. स्प्रिंगस्टीनच्या हातात मागून आणलेली अकूस्टिक गिटार होती, तिला पेटीसुद्धा नव्हती. त्याने 'इट्स हार्ड टु बी अ सेंट इन द सिटी' गायले आणि हॅमंडचा राग निवळला. त्याच संध्याकाळी ग्रिनिच व्हिलेजमधल्या गॅसलाइट क्लबात त्याला श्रोत्यांपुढे उभे केले गेले आणि दुसऱ्या दिवशी कोलंबियाच्या स्टुडिओत त्याचा आवाज मुद्रित झाला.

त्या ३ मे १९७२ च्या मुद्रणातली चार गाणी १९९८ च्या 'ट्रॅक्स' या संचात प्रसिद्ध झाली आहेत. पहिल्या अल्बमबद्दल बोलू पाहणाऱ्याने ती ऐकलीच पाहिजेत. 'ग्रोइंग अप' आणि 'डझ धिस बस स्टॉप अ‍ॅट एटीसेकंड स्ट्रीट?' यांत फक्त गिटार आणि गळा आहे. शब्दांची गर्दी तीच, पण ती एका श्वासात येते. गायक कुणाला तरी हसवायला बघतो आहे हे कळते. हॅमंडनी काय ऐकले आणि त्यांना दुसरा डिलन का दिसला, हे ही चार गाणी चार लेखांपेक्षा नीट सांगतात. आणि हॅमंड चुकले असे मला म्हणता येत नाही. त्यांच्या समोर बँड नव्हताच.

खरा पेच स्टुडिओत सुरू झाला. मुद्रणासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्लॉव्हेल्ट गावचा '९१४ साउंड' हा स्टुडिओ घेतला होता. तो स्वस्त होता आणि ते स्वस्तपण अल्बमवर ऐकू येते. ड्रम डब्यासारखे वाजतात, आवाज कधी कधी भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. स्प्रिंगस्टीनने आपली किनाऱ्यावरची मंडळी बोलावली. क्रेटेकोस त्याच्या बाजूने होता. अ‍ॅपेल आणि हॅमंड यांना एकटा गायक हवा होता. तोड निघाली ती वाटणीच्या दाव्यात निघावी तशी : पाच तुझी, पाच आमची. गिटारवादक म्हणून व्हॅन झँटला जागाच मिळाली नाही. 'लॉस्ट इन द फ्लड'च्या आरंभी जो गडगडाट ऐकू येतो, तेवढी त्याची हजेरी. त्यामुळे सर्वांत गमतीची गोष्ट अशी, की किनाऱ्यावर गिटारसाठी ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या पहिल्या अल्बमवर लक्षात राहील असा विजेच्या गिटारचा तुकडा शोधावा लागतो.

याच टप्प्यावर डेव्हिस यांचा नकार आला. कलावंताच्या कामात कंपनीचा मालक हात घालतो म्हटले की आपण आपोआप कलावंताच्या बाजूने उभे राहतो. इथे हिशेब उलटा लागतो. घाईने लिहिलेली ती दोन गाणी म्हणजे 'ब्लाइंडेड बाय द लाइट' आणि 'स्पिरिट इन द नाइट'. ती मुद्रित करायच्या वेळी सँशस आणि टॅलेंट हाताशी नव्हते, म्हणून बास स्प्रिंगस्टीननेच वाजवला. ड्रमवर लोपेझ होता. आणि सॅक्सोफोनवर क्लॅरन्स क्लेमन्स आला. क्लेमन्स या अल्बमवर आहे तो फक्त या दोन गाण्यांत. तक्रार झाली नसती तर तो या तबकडीवर आलाच नसता. पाच-पाचची तोड मोडून सात-दोन झाली ती याच तक्रारीमुळे. बँडला मागच्या दाराने आत घेतले ते हिट गाणे मागणाऱ्या व्यापाऱ्याने, आणि दारात आडवे उभे होते ते गायकावर मनापासून प्रेम करणारे दोघे.

'स्पिरिट इन द नाइट' हे माझ्या मते अल्बममधले सर्वांत पूर्ण गाणे. काही पोरेपोरी रात्री गाडीतून ग्रीसी लेक नावाच्या तळ्यावर जातात, पितात, भांडतात, प्रेम करतात आणि सकाळी घराकडे निघतात. बस, इतकेच. पण सॅक्सोफोन सुरुवातीपासून त्या रात्रीचा दमटपणा धरून ठेवतो आणि गायक प्रथमच श्रोत्याकडे न बघता मित्रांकडे बघतो. व्हॅन मॉरिसनचे ऋण उघड आहे. वाङ्मयीन वाचकासाठी एक टीप : टी. कोरॅगेसन बॉइल या अमेरिकन कथाकाराची 'ग्रीसी लेक' ही गाजलेली कथा या गाण्यातून नाव घेऊन जन्मली आहे.

'ब्लाइंडेड बाय द लाइट'बद्दल माझा उत्साह कमी आहे. तिथे यमकांचा कोश जरा जास्तच उघडा पडला आहे. मराठी वाचकाला हा रोग अनोळखी नाही. मोरोपंतांची आर्या वाचताना अर्थाच्या आधी यमकच दिसू लागते आणि कौतुक करता करता आपण थकतो. इथे ओळीच्या शेवटी यमक, ओळीच्या पोटात यमक, सलग तीन-तीन शब्दांत तोच आवाज. पहिले कडवे संपेपर्यंत इतकी पात्रे येऊन जातात, की कुणाचे काय झाले हे विचारायची सोय राहत नाही. जुलै १९७३ मध्ये 'रोलिंग स्टोन' पाक्षिकात लेस्टर बँग्ज यांनी परीक्षण लिहिले, तेव्हा या शब्दांच्या पुराची थट्टा करत त्यांनी त्याचा आनंदही लुटला. थट्टा आणि आनंद एकत्र, हीच मला योग्य प्रतिक्रिया वाटते. डिलनच्या शब्दांच्या गर्दीत न्यायाधीशाचा सूर असतो. स्प्रिंगस्टीनच्या गर्दीत जत्रेतल्या पोराचा हावरेपणा आहे. दोघांना एका मापाने मोजणाऱ्यांनी हा फरक ऐकला नाही.

एकट्याने गायलेली उरलेली दोन गाणी मात्र अल्बमला खाली ओढतात. 'मेरी क्वीन ऑफ आर्कान्सा' पाच मिनिटांहून लांब आहे आणि दहा मिनिटांचे वाटते. प्रतिमा एकमेकींना ओळखत नाहीत. 'द एंजल'मध्ये मोटरसायकलस्वाराला देवदूताची वस्त्रे नेसवली आहेत. रिचर्ड डेव्हिससारखा थोर जाझवादक तिथे मोठा उभा बास वाजवतो, तोच डेव्हिस ज्याने व्हॅन मॉरिसनच्या 'अ‍ॅस्ट्रल वीक्स'ला आधार दिला होता, पण इथे त्यालाही फार काही करता येत नाही. यावरून कुणी म्हणेल, की एकटे गाणे त्याला जमतच नव्हते. तसे नाही. १८ नोव्हेंबर १९७५ च्या लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधल्या मैफलीचे मुद्रण पुढे प्रसिद्ध झाले आहे. त्यात याच अल्बममधले 'फॉर यू' तो फक्त पियानोवर, संथ गातो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलीशी तिचा प्रियकर बोलतो आहे, रागावतो आहे, विनवतो आहे, हे तिथे काळजाला भिडते. अल्बमवर तेच गाणे ड्रम आणि ऑर्गनच्या घाईत धावते. तेव्हा अ‍ॅपेल-हॅमंड यांची कल्पना वाईट नव्हती, त्यांनी एकट्यासाठी गाणी चुकीची निवडली, असे मी म्हणेन. ज्यात समोर कुणीतरी माणूस आहे असे गाणे एकट्याला द्यायचे, आणि प्रतिमांची आरास आहे ते गाणे बँडच्या गोंगाटात लपवायचे, एवढे कुणाला सुचले असते तर?

आता मुखपृष्ठाकडे येतो. नव्या गायकाचा चेहरा मुखपृष्ठावर हवा, असा कंपनीचा रिवाज होता. स्प्रिंगस्टीनने समुद्रकाठच्या फळ्यांच्या फिरस्त्यावर विकले जाणारे एक पोस्टकार्ड दाखवले. मोठाल्या अक्षरांत शहराचे नाव आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात शहरातले एकेक रंगीत दृश्य. कंपनीचे कलादिग्दर्शक जॉन बर्ग यांना ते आवडले आणि रिवाज मोडला गेला. न्यूयॉर्कचा नवा कवी म्हणून ज्याला विकायचे, त्याने छातीवर न्यू जर्सीचा पत्ता लावला. हे धाडसच होते. न्यूयॉर्ककरांच्या तोंडी न्यू जर्सी हा चेष्टेचा विषय आहे.

पण ते पोस्टकार्ड जुन्या काळाचे होते. अ‍ॅस्बरी पार्क १८७१ मध्ये जेम्स ब्रॅडली याने वसवले, मेथडिस्ट बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांच्या नावाने. सहलीला येणाऱ्या गोऱ्या कुटुंबांसाठी समुद्राच्या बाजूला हॉटेले, पाळणे, नाचगाण्याची सभागृहे उभी राहिली. रेल्वेरुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, त्या हॉटेलांत राबणाऱ्या काळ्या लोकांची वस्ती. जुलै १९७० मध्ये त्या वस्तीत दंगल उसळली. उन्हाळी हंगामातल्या नोकऱ्याही काळ्या तरुणांना मिळत नाहीत, हा एक मोठा राग होता. शंभराहून अधिक लोक जखमी झाले. स्प्रिंगवूड अ‍ॅव्हेन्यू हा काळ्यांच्या दुकानांचा, क्लबांचा, संगीताचा रस्ता जळाला आणि पुढे कित्येक वर्षे ओसाड राहिला. अल्बम आला तेव्हा या घटनेला अडीच वर्षेही झाली नव्हती. शहराच्या नावाचा अल्बम, त्यावर हसरे पोस्टकार्ड आणि नऊ गाण्यांत त्या रस्त्याचे नाव नाही.

याचा अर्थ कसा लावायचा? मी ही चूक म्हणून मोजत नाही, पण ही पोकळी न दाखवता अल्बमचे मूल्यमापन करणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्याच १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. तोही पहिलाच संग्रह, त्याच्याही शीर्षकात एका वस्तीचे नाव. दोघांत संबंध काही नाही आणि तुलना लांबवण्यात अर्थ नाही. पण एक भेद नजरेत भरतो. ढसाळ त्या वस्तीतच वाढलेले. स्प्रिंगस्टीनचे अ‍ॅस्बरी पार्क रुळांच्या अलीकडचे आहे, आणि तिथेही तो पाहुणाच, मूळचा आतल्या बाजूच्या फ्रीहोल्ड गावचा. त्याच्या शहरात जत्रा आहे, मोटारी आहेत, विचित्र टोपणनावांची माणसे आहेत. जळालेली दुकाने नाहीत.

जवळात जवळ जाते ते 'लॉस्ट इन द फ्लड'. तबकडीची पहिली बाजू या गाण्याने संपते. युद्धावरून परतलेला, भान हरपलेला एक माणूस, मग शर्यतीत मोटार घालणारा दुसरा, मग रस्त्यावरची चकमक आणि रक्त. व्हिएतनामचे नाव न घेता व्हिएतनाम त्यात आहे. स्प्रिंगस्टीनच्या पहिल्या बँडचा, 'द कॅस्टिल्स'चा ड्रमवादक बार्ट हेन्स १९६७ मध्ये तिथे मारला गेला होता. स्वतः स्प्रिंगस्टीन वैद्यकीय तपासणीत नापास होऊन सुटला. या गाण्यात प्रथमच यमके मागे हटतात आणि सँशसचा पियानो पुढे येतो. चकमक कुठल्या शहरातली हे तो सांगत नाही. पण त्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने १९७० चा जुलै न आठवता हे गाणे लिहिले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. शिवाय एक गोष्ट तबकडीबाहेरची : सँशस आणि क्लेमन्स हे दोघेही काळे. ज्या वर्षांत शहर रंगाच्या रेषेवर फाटले होते, त्याच वर्षांत हा बँड ती रेषा ओलांडून जमत होता. गाण्याच्या शब्दांनी जे सांगितले नाही ते वादकांच्या यादीत सापडते.

अल्बम खपला नाही. पहिल्या वर्षात सुमारे २५,००० प्रती. 'ब्लाइंडेड बाय द लाइट' आणि 'स्पिरिट इन द नाइट' ही हिट व्हावीत म्हणून लिहिलेली दोन गाणी स्वतंत्र तबकडी म्हणून निघाली आणि दोन्ही क्रमवारीत कुठेच आली नाहीत. कंपनीने 'नवा डिलन' अशी जाहिरात केली होती. त्या काळात लाउडन वेनराइट, जॉन प्राइन अशा चांगल्या चांगल्या गायकांच्या गळ्यात हे लोढणे अडकवले गेले होते आणि लोक त्याला विटले होते. खुद्द डिलनचा पहिला अल्बम १९६२ मध्ये इतका पडला होता, की कंपनीत त्याला 'हॅमंडचा खुळेपणा' म्हणत. त्यात डिलनची स्वतःची गाणी फक्त दोन होती. इथे नऊच्या नऊ स्वतःची. मे १९७३ मध्ये डेव्हिस यांनाच कंपनीतून काढण्यात आले आणि वरच्या मजल्यावर त्याच्या बाजूने बोलणारा राहिला नाही.

उरलेला इतिहास माहितीचा आहे. 'बॉर्न टू रन' गाजल्यावर १९७५ मध्ये हा अल्बम अमेरिकन क्रमवारीत ६० व्या स्थानापर्यंत चढला. डेव्हिड बोवीने यातली दोन गाणी मुद्रित केली. फेब्रुवारी १९७७ मध्ये 'मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँड' या ब्रिटिश बँडने गायलेले 'ब्लाइंडेड बाय द लाइट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. डेव्हिस यांचा कान बरोबर होता, फक्त चार वर्षे लवकर आणि गळा दुसऱ्याचा. त्या वेळी स्प्रिंगस्टीन आणि अ‍ॅपेल कराराच्या भांडणात कोर्टात उभे होते. मे १९७७ मध्ये तडजोड होऊन दोघे वेगळे झाले.

२२ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात दौऱ्याच्या शेवटच्या मैफलीत स्प्रिंगस्टीनने हा अल्बम पहिल्या गाण्यापासून नवव्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला. माइक अ‍ॅपेल पाहुणा म्हणून आला होता. गिटार घेऊन स्टीव्ह व्हॅन झँट रंगमंचावर होता. सॅक्सोफोनवर क्लेमन्स होता. बँडबरोबरची ती त्याची शेवटची पूर्ण मैफल ठरली. जून २०११ मध्ये तो वारला.